आरशातली ताई ची

टाचणीबाईंच्या तोंडात टाचण्या असल्या की गिऱ्हाईक बोलायचं आणि टाचण्या नसल्या की बाई बोलायच्या. चाळीस वर्षांच्या शिवणकामात या नियमाला अपवाद झाला नव्हता. त्यांचं खरं नाव लेकीला आणि वीजबिलाला ठाऊक होतं. बाकी सगळा रस्ता त्यांना टाचणीबाईच म्हणायचा. हे नाव तोंडातल्या टाचण्यांवरून पडलं की टाचण्या काढल्यावर बाहेर येणाऱ्या बोलण्यावरून, याबद्दल गिऱ्हाइकांत दोन तट होते.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली औषधांचं दुकान, त्याच्या शेजारून सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना आणि वर एकच लांबट खोली. एका टोकाला माणसाच्या उंचीचा आरसा, त्याच्यापुढे थोडं अंतर सोडून कटिंगचं टेबल, आणि दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी. टेबलाशी उभं राहिलं की तोंड आरशाकडे आणि पाठ खिडकीकडे व्हायची. ही मांडणी बाईंनी मुद्दाम केली होती, कारण खिडकीतून बाहेर बघत कापड कापणाऱ्यांच्या बाह्या त्यांनी पाहिल्या होत्या.

धंद्यातलं त्यांचं एक ठाम म्हणणं होतं. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, उलटी बाजू शिवणाऱ्याची. कुणी दुसरीकडे शिवलेला कपडा दुरुस्तीला आणला की बाई तो आधी झटकन उलटा करायच्या, शिलाईवरून अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "अस्सं. म्हणजे घाई होती तर." कापड कापतानाही त्या उलट्या बाजूवरच खडूने आखायच्या. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं, हा हिशेब त्यांच्या बोटांत इतका मुरला होता की डोक्याला तोशीस पडत नसे. निदान त्यांची तशी समजूत होती.

सदुसष्टाव्या वर्षी बाई पहिल्यांदा पडल्या. वरच्या फळीवरचं रीळ काढायला स्टुलावर चढल्या होत्या. कमरेला मुका मार बसला, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्यांदा मात्र लपवायची सोय राहिली नाही. तयार झालेला लांब कोट दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरत होत्या, शेवटून तिसऱ्या पायरीवर पाय चुकला, आणि बाईंनी कोट वर धरून मनगट खाली टेकवलं. मनगट मोडलं. लेक धावत दवाखान्यात आली तेव्हा बाईंचं पहिलं वाक्य होतं, "कोटाला डागसुद्धा लागला नाही."

"आई, तू वेडी आहेस का?" लेक म्हणाली आणि रडायला लागली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. डावं मनगट होतं, हळूहळू कात्री-सुई सुरू झाली. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, तसं बाईंचं चालण्याचं झालं. त्या भिंतीच्या कडेने चालू लागल्या. गुडघे न वाकवता, पावलं फरफटत, नजर जमिनीला खिळवून. दुकानात टेबलाची कड सुटली की पुढची पकड मशीनची, तिथून खुर्चीची. जिना तर समोर आला की पाचावर धारण बसायची. पडण्यापेक्षा या धास्तीनेच त्यांना जास्त जायबंदी केलं होतं, आणि ही गोष्ट त्या कुणालाही सांगणार नव्हत्या.

लेकीला ती न सांगता दिसत होती. लेक एकेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवायची. रोज सकाळी सव्वासहाला ती आईला दुकानापाशी आणायची आणि जिना चढताना तिच्या मागे एक पायरी ठेवून, दोन्ही हात पुढे पसरून चालायची. फळीवरून बरणी पडणार हे दिसल्यावर माणूस हात करतो, तसे.

"हात खाली घे. लोक बघतात," बाई वळून न बघता म्हणायच्या.

"बघू देत. तू वर बघ."

"वर बघितलं तर पायरी कशी दिसेल?"

"खाली बघितलंस तर भिंत कशी दिसेल?"

अशा सतरा पायऱ्या. वर पोचल्यावर लेक आईला खुर्चीत बसवायची, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायची आणि शाळा गाठायला पळायची. एक दिवस ती पळाली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "माझ्याकडे तळमजल्यावरची खोली रिकामी केलीय. उजेड चांगला येतो. मशीन खिडकीखाली बसेल. आता दुकान बंद कर, आई."

बाईंनी तोंडात सहा टाचण्या घातल्या. संभाषण तिथे संपलं.

ते पुन्हा सुरू झालं डॉक्टरीणबाईंसमोर. त्यांनी बाईंना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं, जमलं नाही. एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्यावर तीन सेकंद, उजव्यावर दोन. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तोल हासुद्धा सवयीचा भाग असतो. वापरला नाही की जातो, वापरला की बराचसा परत येतो. तुम्ही ताई ची करा."

"कुणाच्या ताईची?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, ताई ची. चिनी व्यायाम आहे. अगदी सावकाश करतात. अंगाचं वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, बस. वयस्कर माणसांचं पडणं त्याने कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. गुडघ्यांना बरं, झोपेला बरं, रक्तदाबालाही थोडी मदत होते. पण म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत हं. तीन महिन्यांनी या."

"तीन महिन्यांनी किती सेकंद यायला हवेत?" गणित शिकवणाऱ्या लेकीने विचारलं.

"दोन्ही पायांवर दहा-दहा आले तर मला समाधान वाटेल."

लेक आईकडे वळली. "दहा. आले तर मी खोलीचं नाव काढणार नाही. नाही आले तर दुकान बंद. दहा म्हणजे दहा, साडेनऊ नाही."

बाईंच्या तोंडात नेमक्या टाचण्या नव्हत्या. "मान्य," त्या म्हणाल्या.

गंमत अशी, की ताई ची शोधायला कुठे जायचं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं. दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, उंचवट्यावर एक छोटी बाग होती आणि तिच्या फाटकावर कित्येक वर्षं एक फळा टांगलेला होता: "ताई ची, सकाळी साडेसहा." बाईंनी तो शंभरदा वाचला होता आणि शंभरदा चिडल्या होत्या. ताईची काय? वेळ? जागा? वाक्य अर्धवट टाकून लोक निघून कसे जातात, असं त्यांना वाटायचं.

पण बागेत जायचं म्हणजे जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा आणि चारचौघांत धडपडून शोभा करून घ्यायची. बाई गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लेक शाळेला गेल्यावर त्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. खिडकीकडे वळायचं तर कड सोडावी लागली असती. ती त्यांनी सोडली नाही. पण आरशात खिडकी दिसत होती, खिडकीत बाग दिसत होती, आणि बागेत पंधरा-सोळा पाठमोरी माणसं पाण्यात चालल्यासारखी हलत होती. त्यांच्यापुढे, त्यांच्याकडे पाठ करून, एक काटकुळा म्हातारा. बाई आरशात बघून तो करेल ते करू लागल्या.

पहिला आठवडा फक्त पायांचा गेला. एक पाय भरायचा, दुसरा रिकामा करायचा. भरलेल्या पायावर सगळं अंग, रिकामा पाय हलका, कुठेही ठेवता येईल असा. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेल्या बाईला पाय नुसते लटकवायची वस्तू नाहीत हे ठाऊक होतं, पण चालताना आपण दोन्ही पाय एकदम भरलेले ठेवतो, म्हणून अडखळतो, हे त्यांना नव्याने कळलं. मग गुडघे. बाईंनी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि त्यांना लाजच वाटली. कपड्यात थोडी सैल ठेवावी लागते, नाहीतर हात वर केला की काखेत उसवतं. हे त्या जगाला सांगत आल्या होत्या आणि स्वतःच्या अंगात त्यांनी दोऱ्याएवढी सैल ठेवली नव्हती. खांदे कानाला लागलेले, गुडघे ताठ, श्वास घशात.

तिसऱ्या आठवड्यात एक हात कडेवरून सुटला. पाचव्यात दुसऱ्या हाताचं एकच बोट कडेवर राहिलं. ते बोट चांगले नऊ दिवस राहिलं, कारण बाई हट्टी होत्या तशा सावधही होत्या. दहाव्या दिवशी आरशातला म्हातारा हात ढगासारखे फिरवत बाजूला सरकत गेला आणि बाईही सरकल्या, आणि थांबल्यावर त्यांना दिसलं की टेबल दोन हात लांब राहिलंय. त्या खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता उभ्या होत्या. आरशासमोर गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आरशातल्या स्वतःला विचारलं, "काय, फिटिंग जमलं?"

झोपही सुधारली होती. पूर्वी पहाटे तीनला जाग यायची ती आता पाचला येऊ लागली. गुडघा जिन्यात कुरकुरायचा तो कमी कुरकुरू लागला. खालच्या औषधवाल्याने रक्तदाब मोजला तर वरचा आकडा थोडा उतरलेला. "गोळीचा परिणाम," तो म्हणाला. "असेल," बाई म्हणाल्या. गोळी त्या आठ वर्षं घेत होत्या. आणि एके दिवशी गिऱ्हाइकाला कपडा दाखवायला मशीनवरून उठल्या, तेव्हा अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही हातांत कपडा आहे. मग टेकवले काय? काहीच नाही. हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही. अर्धवट शिवलेला कपडा त्या कुणालाच दाखवत नसत.

दोन महिने झाले. सगळे हात-पाय सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ झाले, तेव्हा बाईंनी ठरवलं की आता बागेत जायचं. लेक गेल्यावर त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एक पाय भरला. दुसरा रिकामा पाय खालच्या पायरीवर ठेवला, मग सावकाश तो भरला. कठडा होता, पण त्यावर भार नव्हता. सतरा पायऱ्यांना सात मिनिटं लागली. खाली औषधवाला शटर उघडत होता, त्याने कौतुकाने काही बोलायला तोंड उघडलं आणि बाईंचा चेहरा पाहून मिटलं.

बागेतल्या काटकुळ्या म्हाताऱ्याला सगळे सावकाशराव म्हणत. दर दोन मिनिटांनी तो "सावकाश" म्हणायचा म्हणून. आयुष्यभर त्याने रुग्णवाहिका चालवली होती. घाईचा सगळा कोटा संपवून तो या धंद्यात आला होता. पंचावन्नाव्या वर्षी छातीत दुखायला लागल्यावर तो हे शिकला आणि पंचाहत्तराव्या वर्षी शिकवत होता. बाईंना बघून त्याने फक्त मान हलवली आणि शेवटच्या रांगेत निवृत्त पोस्टमनच्या शेजारी जागा दाखवली.

सुरुवात झाली. सोळा हात एका बाजूला निघाले आणि एक हात दुसऱ्या. बाईंचा हात पोस्टमनच्या चष्म्यावर आदळला, चष्मा गवतात. बाई माफी मागत वाकल्या, उठल्या, पुन्हा सुरू केलं. पुढच्या पावलाला सगळी रांग डावीकडे वळली आणि बाई उजवीकडे. आता पोस्टमन आणि त्या नाकाला नाक लावून उभे. रांगेतली एक बेकरीवाली खुसखुसली.

बाईंना एका क्षणात सगळं समजलं. शिवणकाम शिकताना प्रत्येक मुलगी एकदा ही चूक करते. कापड उलटायला विसरते आणि दोन्ही बाह्या डाव्याच कापून बसते. बाईंनी ती चूक सतराव्या वर्षी केली होती आणि पुन्हा कधीच करणार नाही अशी शपथ घेतली होती. आता सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी अख्खी ताई ची डाव्या बाहीची कापली होती. दोन महिने, रोज, आरशात बघून! ज्या बाईने आयुष्य डाव्या-उजव्याच्या हिशेबात काढलं, तिने!

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि फाटकाकडे निघाल्या.

"थांबा," सावकाशराव म्हणाला. "तुम्ही चुकत नाही आहात. तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त उलटं आहे. कुठे शिकलात?"

बाईंनी बोट वर करून आपली खिडकी दाखवली. "आरशात."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. बेकरीवाली पुन्हा हसणार होती, पण सावकाशराव हसला नाही म्हणून थांबली. तो हनुवटी खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "पुढे या. इथे, माझ्या जागेवर. आणि सगळ्यांकडे तोंड करा."

"मी? कशाला?"

"मी पाठ करून शिकवतो, कारण समोर तोंड केलं तर मला सगळं उलटं करावं लागतं. तीनदा प्रयत्न केला. पाय एकमेकांत अडकतात, बोलायचं विसरतो. पाठ केली तर मागच्यांना माझे हात दिसत नाहीत. पंधरा वर्षं मी अशा माणसाची वाट बघतोय जो चुकूनसुद्धा सुलटं करणार नाही."

बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं लोक आरशात बघत उभे राहिले होते आणि बाई त्यांच्या पायाशी बसून घेराला टाचण्या लावत होत्या. आज सोळा माणसं बाईंकडे बघत होती. त्यांनी एक पाय भरला, श्वास खाली सोडला आणि डावा हात उचलला. समोर सोळा उजवे हात उचलले गेले. बाई सरकल्या तशी रांग त्याच बाजूला सरकली. कुणी कुणावर आदळलं नाही.

"अरेच्चा!" मागून पोस्टमन ओरडला. त्याची मान आखडलेली असायची, त्यामुळे पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावणं त्याला जमत नसे. "इथे हात पोटाशी असतो होय? मी दोन वर्षं छातीशी धरतोय!"

"सावकाश," सावकाशराव म्हणाला.

त्या दिवसापासून बाई रोज पुढे. सावकाशराव रांगांमधून फिरत एकेकाची कोपरं, गुडघे सरळ करू लागला, जे त्याला इतक्या वर्षांत करता आलं नव्हतं. आठवड्याभरात कुणीतरी फळ्यावरचे दोन शब्द खडूने एकाच शिरोरेषेखाली जोडून टाकले आणि पुढे एक शब्द वाढवला: "ताईची रांग, सकाळी साडेसहा." बाईंनी तो वाचला. वाक्य अजूनही पुरतं नव्हतं, पण या वेळी त्या चिडल्या नाहीत.

लेकीला हे कळलं ते वह्या विसरल्यामुळे. एक दिवस ती अर्ध्या वाटेवरून परत आली, जिना चढली, तर दुकानाला कुलूप. ती औषधवाल्याकडे धावली. त्याने नुसतं बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे, उंचवट्यावर, तिची आई सोळा माणसांसमोर एका पायावर उभी होती, दुसरा गुडघा कमरेपर्यंत वर, एक हात कपाळापुढे. पडत नव्हती.

असं बघून कुणाचंही मन भरून यावं. लेकीचंही आलं, पण आधी संताप आला. "तू जिना एकटी उतरतेस?" ती फाटकातूनच ओरडली. "किती दिवस? मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर उतरू दिलं असतंस?"

"नाही!"

"मग?"

"समोर सोळा माणसं उभी करून मिरवणं वेगळं, आई. परवा दवाखान्यात बघू. दहा म्हणजे दहा."

परवा उजाडला. दवाखान्यात बाई हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठल्या. तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघून भुवया उंचावल्या. डाव्या पायावर पंधरा सेकंद. मग उजवा पाय. समोर पांढरी भिंत होती. बाईंनी पाय भरला, दुसरा उचलला, आणि भिंत हलल्यासारखी वाटली. पाय खाली आला.

"चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा करा, घाई नाही."

दुसऱ्या वेळी सहा. बाईंच्या वरच्या ओठावर घाम आला. सतरा पायऱ्या, टेबल, आरसा, खिडकी, सगळं उरलेल्या चार सेकंदांत अडकलं होतं. लेक खुर्चीच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात नकळत पुढे आलेले. जिन्यात यायचे तसेच.

"एकदा शेवटचं करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई थबकल्या. भिंतीकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "तू ऊठ. माझ्यासमोर उभी राहा."

"मी?"

"मला समोर माणूस लागतं. भिंतीला काय शिकवू? ते हात खाली घे आणि डावा पाय भर. भर म्हणजे सगळं वजन त्यावर टाक. आता उजवा उचल, माझ्याबरोबर."

लेकीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "हात धरला नाही तर माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि मोजू लागल्या.

माय-लेकी समोरासमोर, एकेका पायावर. एक उजव्या, एक डाव्या. आरशात असतात तशा. बाई लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. केवढी दमलेली दिसते ही, त्यांच्या मनात आलं. डोळ्यांखाली काळं, खांदे कानाला लागलेले. तीन महिन्यांत हिच्याकडे आपण बघितलंच नाही. "खांदे सोड," त्या हळूच म्हणाल्या. "श्वास खाली."

सहाव्या सेकंदाला पाय खाली आला. लेकीचा.

"सात," डॉक्टरीणबाई मोजत राहिल्या. "आठ. नऊ. दहा. अकरा." बाई उभ्याच. लेक दोन्ही पायांवर उभी राहून आईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाविसाव्या सेकंदाला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरे हो, पुढचे पेशंट बसलेत."

बाहेर बाकावर लेक बराच वेळ नाक पुसत राहिली. मग म्हणाली, "मला खोलीबिली काही नको होती गं. रोज वर्गात फळ्यावर लिहिताना फोन वाजला की वाटायचं, आला. आई जिन्यात पडली, हे सांगणारा फोन आला. गणित चुकायचं माझं. मुलं दुरुस्त करायची."

बाईंनी लेकीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मोडून जुळलेल्या मनगटाच्या हाताने थोपटत बसल्या. "मला पण भीती वाटायची," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर उच्चारलं. "तुझ्यापेक्षा जास्त."

दुकानापाशी आल्या तेव्हा लेकीने सवयीने बाजूला होऊन आईला पुढे जायची खूण केली. बाईंनी मान हलवली आणि लेकीलाच पुढे घातलं. लेक चढू लागली. आठव्या-नवव्या पायरीवर तिला काहीतरी वेगळं वाटलं म्हणून तिने वळून पाहिलं. आई एक पायरी खाली होती. कठडा धरलेला नव्हता, पाऊल सावकाश, आणि दोन्ही हात पुढे पसरलेले.

"आई, हे काय? हात कशाला पुढे केलेस?"

"तू वर बघ," टाचणीबाई म्हणाल्या. "सहा सेकंद उभ्या राहणाऱ्या बाईचा काय भरवसा? रविवारी साडेसहाला बागेत यायचं, पहिल्या रांगेत."